तुबलीतली पिवळी माती

चाचा,

तुबलीतल्या त्या क्रोमच्या वर्कशॉपची माती अखेर उचलली. गेल्या आठवड्यात शेवटचा ट्रक गेला, वर ताडपत्री घट्ट आवळून बांधलेला. मी फाटकाशी छत्री धरून उभी होते. माझं तिथं काही काम नव्हतं, कागद केव्हाच पुरे झाले होते. पण ती जागा मला पहिल्यांदा तुम्ही दाखवलीत, तेव्हा शेवटचं बघायला कुणीतरी आपल्या ऑफिसातलं असावं असं वाटलं. खड्डा माझ्या कल्पनेपेक्षा खोल निघाला. वरची माती नेहमीची करडी, खाली मात्र पिवळ्या रेघा, जणू कुणी हळदीचं पाणी मुरवलंय. मागची भिंत अजून तशीच आहे. तिच्यापलीकडची खजुराची झाडं मात्र निम्मीच उरलीत.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्याशी बोलायची सवय मोडली असेल असं मी समजत होते. ती मोडलेली नाही हे या दाव्याच्या निमित्तानं कळलं. गाडी चालवताना, लिफ्टमध्ये, भाजी निवडताना मी तुम्हाला सगळं सांगत होते. घरी कुणाला सांगणार? यांना ड्यूटीवरून आल्यावर ऑफिसच्या गोष्टी नको असतात आणि मुलगी मराठीत ऐकते, इंग्रजीत उत्तर देते, आणि विमा म्हटला की तिला जांभई येते. म्हणून आज लिहूनच काढते.

मी तुमच्याकडे आले तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे कारखान्यात टेक्निशियन, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि मी इथं बहारीनमध्ये, मनामातल्या एका खोलीत भिंतीकडे बघत बसलेली. अमरावतीकडची, टायपिंगची परीक्षा पास झालेली, बाकी जगाचं काही माहीत नसलेली. तुमच्या ऑफिसात टायपिस्ट हवी आहे असं विहारातल्या एका ताईंनी सांगितलं. दुकानावरच्या माडीवर दोन खोल्या, एक कुरकुरणारा एसी, आणि टेबलामागे तुम्ही, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. घाबरून मी म्हटलं, ‘मले टायपिंग येते, पण विम्यातलं काही समजत नाही.’ तुम्ही हसलात. रत्नागिरीच्या माणसाला ‘मले’ ऐकून हसू येणारच. मग म्हणालात, ‘समजंल गो बाय. मना पण समजत नव्हता.’ त्या दिवसापासून ऑफिसात तुमची कोकणी आणि माझी वऱ्हाडी अशी एक तिसरीच मराठी सुरू झाली. केरळचा हिशेबनीस म्हणायचा, तुम्ही दोघं खरंच एकाच राज्यातले का?

पहिल्या रमजानमध्ये मला कुणी काही सांगितलं नव्हतं. दुपारी मी टेबलावर डबा उघडला आणि खोली एकदम गप्प झाली. काय चुकलं ते कळेना. तुम्ही उठलात, फायलींच्या खोलीत गेलात, आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणालात, आत बस, पंखा लावलाय, सावकाश जेव. तुम्ही स्वतः पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. पुढं दर रमजानला महिनाभर ती खोली माझी झाली. आणि संध्याकाळी तुम्ही मला नि यांना रोजा सोडायला घरी बोलवायचात, तेव्हा चाची स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, ‘ये गो, घावने गरम आहेत,’ आणि मी आत त्यांच्या शेजारी उभी राहून खायची. त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. चाची तव्यावर पीठ सोडायच्या तो आवाज मला अजून ऐकू येतो. बुद्धपौर्णिमेला मी खीर घेऊन यायची, तेव्हा चाची पातेलं धुऊन परत देत नसत. रिकामं भांडं पाठवत नाहीत म्हणून त्यात काहीतरी घालूनच यायचं, सुकट, नाहीतर आमसुलं. अमरावतीच्या बाईला आमसुलाचं काय करायचं ते त्यांनीच शिकवलं.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच. क्रोम चढवण्याच्या त्या वर्कशॉपची लायबिलिटी पॉलिसी काढायची होती. आपल्या धंद्यामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई विमा कंपनी देईल, अशी ती पॉलिसी. आपण ब्रोकर, म्हणजे गिऱ्हाईक आणि कंपनी यांच्यामधले. मालकांनी फोनवर सांगितलं तसं मी टाइप केलं, जागा सुस्थितीत आहे. ऑफिसात सगळे तसंच करायचे. तुम्ही कागद वाचलात, चष्मा काढलात. ‘बाय, ही जागा तू बघलंस?’ मी नाही म्हटलं. ‘मग सुस्थितीत आहे हां कोणी बघलान?’ आवाज चढला नव्हता, पण माझे कान तापले. तुम्ही गाडीची किल्ली उचललीत आणि म्हणालात, चल.

ऑगस्टचा महिना होता. तुबलीत तेव्हा इतकी गॅरेजं नव्हती, वाऱ्याबरोबर खाडीचा वास यायचा. वर्कशॉपचे मालक पायघोळ अरबी थोब घातलेले, उंच, मोठ्यानं बोलणारे. त्यांनी आधी चहा पाजला, मग अभिमानानं हौद दाखवले. गंजके बंपर एका बाजूनं आत जातात, आरशासारखे होऊन बाहेर येतात. मला फार गंमत वाटली. तुम्ही एकच विचारलंत, धुतलेलं पाणी कुठं जातं? ते आपल्याला मागे घेऊन गेले. भिंतीलगत एक खड्डा, त्यात पिवळं पाणी. त्यांनी अरबीत काहीतरी म्हटलं आणि तुम्ही उत्तर दिलंत. परतताना मी अर्थ विचारला. ते म्हणाले होते, जमीन अल्लाची आहे, पिऊन टाकते. तुम्ही म्हणाला होतात, अल्लाची आहे म्हणूनच तर.

निघण्याआधी तुम्ही तिथं पडून असलेल्या एका ड्रमवर चढलात. साहेबी बूट, पॅन्टला धूळ, आणि भिंतीपलीकडे बघत राहिलात. मलाही चढायला लावलंत. पलीकडे एका शेतकऱ्याची छोटी खजुराची बाग, मध्ये विहीर, हौदात दोन पोरं डुंबत होती. तुम्ही मला जमिनीचा उतार दाखवलात. वर्कशॉपकडून बागेकडे. ‘पाणी कागद वाचत नाय,’ एवढंच म्हणालात, आणि ड्रमवरून उतरताना माझा हात धरलात, कारण मी साडीत होते.

त्यानंतर काय झालं ते मला तेव्हा अर्धवटच कळलं होतं. त्या काळात विमा कंपन्यांनी प्रत्येक लायबिलिटी पॉलिसीला एक छापील चिठ्ठी जोडायला सुरुवात केली होती, प्रदूषणानं झालेलं नुकसान आम्ही भरून देणार नाही. त्या वर्कशॉपच्या पॉलिसीला ती चिठ्ठी लागू नये म्हणून तुम्ही कंपनीतल्या साहेबांशी भांडत होतात. ते साहेब बहारीनी, तरुणपणी मुंबईत शिकलेले, हिंदी आपल्यासारखी बोलणारे. फोनवर तुम्ही त्यांना म्हणत होतात, जिथं धोकाच पाण्याचा आहे तिथं पाणी वगळून विमा विकायचा, म्हणजे छत्री विकून वर लिहायचं की पावसात उघडू नये. ते वाक्य मी नंतर कित्येक नव्या मुलांना ऐकवलंय, माझंच असल्यासारखं. दुसरीकडे तुम्ही मालकांच्याही मागे लागलात, पक्का हौद बांधा, खड्डा बुजवा. दर भेटीत तेच. दोन-तीन वर्षांनी त्यांनी कंटाळून बांधला. तोवर जे मुरायचं ते मुरलं होतं.

यंदा हिवाळ्यात त्या मालकांची मुलगी ऑफिसात आली. सखीरच्या विद्यापीठात अरबी शिकवते, पन्नाशीची, हळू बोलणारी. वडील केव्हाच वारले, वर्कशॉप बंद पडून पुष्कळ वर्षं झाली, जागा तिच्या नावावर. विकायची म्हणून तपासणी केली तर खाली विष निघालं, शेजारच्या विहिरीतही निघालं. सरकारी खात्यानं तिला जागा साफ करायला सांगितलं होतं. त्यासाठी सनद भागातलं राहतं घर विकावं लागणार होतं. पण ती घराबद्दल फारसं बोललीच नाही. ती म्हणाली, ‘शेजारच्या बागेचे हाजी आता अंथरुणाला आहेत. लहानपणी मी त्यांच्या विहिरीत पोहायला शिकले. त्यांना मी काय तोंड दाखवू?’ आणि मग विचारलं, माझ्या वडिलांनी काही विमा काढला होता का, तुमच्याकडे काढत असत असं आई म्हणायची.

मी तिला म्हटलं, काढला होता, मीच टाइप केला होता.

तिला मी समजावून सांगितलं तेच तुम्हाला सांगते, कारण हे सगळं तुम्हीच शिकवलेलं. त्या जुन्या पॉलिसीचा अर्थ असा, की नुकसान ज्या वर्षात घडलं त्या वर्षाची पॉलिसी लागू, मग ते उघडकीला कितीही उशिरा येवो. पाणी त्या वर्षांत मुरलं. म्हणजे तेव्हाची पॉलिसी आजही जिवंत आहे. पण ती कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून गेलेली, त्यांनी कळवलं की आमच्याकडे असं काही नाही. आपल्याही जुन्या फायली ऑफिस काचेच्या इमारतीत हललं तेव्हा गेल्या. मग मला आठवलं, मालकांनी हौदासाठी बँकेचं कर्ज घेतलं होतं, आणि बँक विम्याची प्रत घेतल्याशिवाय कर्ज देत नाही. बँकेत ती निघाली, कर्जाच्या कागदांना टाचलेली. तिच्यावर माझ्या त्या टाइपरायटरचा तुटका ‘e’. ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं.

कंपनीचा वकील तरुण, लेबनॉनचा, फार सभ्य. त्यानं पॉलिसी मान्य केली, पण म्हणाला की त्या काळात प्रदूषणाची चिठ्ठी सगळ्यांनाच जोडली जात होती, बँकेच्या प्रतीतून ती गळून पडली असणार. त्याचं म्हणणं चुकीचं ठरावं असं काही माझ्याजवळ नव्हतं. मी म्हटलं, जोडली नव्हती, मला माहीत आहे. तो नम्रपणे म्हणाला, मॅडम, तुम्ही तेव्हा टायपिस्ट होता. खरंच होतं ते. चिठ्ठी लावायची की नाही हे माझ्या हातात नव्हतं. तुमच्या होतं, आणि त्या मुंबईत शिकलेल्या साहेबांच्या.

ते साहेब अजून आहेत, चाचा. मुहर्रकला राहतात, काठी घेऊन चालतात, एका कानानं ऐकू येत नाही. मी जाऊ का नको करत होते. त्यांनी उभं आयुष्य त्या कंपनीत काढलं, पुतण्या आता तिथंच मोठ्या जागेवर आहे. त्यांनी आपल्याच घराविरुद्ध बोलावं असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? मालकांची मुलगी मला म्हणाली, मी येते बरोबर. दोघी गेलो. त्यांनी मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या खोलीत, बसवलं, कॉफी आली, खजूर आले. मी तुमचं नाव घेतलं तसे ते काठीवर पुढं झुकले आणि कितीतरी वेळ नुसते हसत राहिले. म्हणाले, तो माणूस माझ्या ऑफिसात यायचा तेव्हा मी शिपायाला सांगायचो, मी नाही म्हणून सांग. आणि तो खाली रस्त्यावर थांबायचा.

मी सगळी हकिगत सांगितली. विहीर, हाजी, सनदचं घर. बँकेची प्रत पुढं ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. नंतर जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते.

‘वो चिट्ठी गिरी नहीं, बेटी. लगी ही नहीं थी. मैंने खुद निकाली. तेरा चाचा मुझे भी ले गया था उस दीवार के पास, ड्रम पे चढ़ाया. मैंने बाग़ देखा, बच्चे देखे, फिर मैं कैसे लगाता?’

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही फोनवरच्या वादात जिंकलात. तुम्ही त्यांनाही न्यायचं ठरवलंत, कुणाला न सांगता, त्या उन्हात. मालकांच्या मुलीनंच त्यांना विचारलं, हे तुम्ही कंपनीसमोर सांगाल का, तुमच्या पुतण्याला त्रास नाही ना होणार? ते म्हणाले, विचार करतो, इंशाल्ला. मी समजले की हा नकार आहे. आपल्याकडे इंशाल्ला पुष्कळदा तसाच असतो. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याचाच फोन आला, काका येताहेत, बैठक लावा, आणि त्यांना जिना चढवू नका.

बैठकीत ते फार बोलले नाहीत. वकिलानं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, सही आपली आहे, चिठ्ठी आपण जाणूनबुजून लावली नव्हती. मग वकिलानं शेवटचा मुद्दा काढला, की ही पॉलिसी दुसऱ्याच्या नुकसानीची आहे, मालकाच्या स्वतःच्या जमिनीची नाही. हाजींच्या विहिरीचं देऊ, पण वर्कशॉपची माती कशाला उचलून द्यायची? इथं मात्र मला कुणाच्या साक्षीची गरज लागली नाही. मी म्हटलं, उतार बागेकडे आहे. ती माती तिथं आहे तोवर विहीर रोज नव्यानं बिघडणार, माती उचलणं हाच विहिरीचा उपाय. तुम्ही आज विहीर धुवून द्याल आणि पुढच्या वर्षी पुन्हा द्याल. सर्वांत जास्त वेळ या मुद्द्यावरच गेला, आणखी दोन-तीन बैठका झाल्या. कंपनीनं असंही म्हटलं की झाडं समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं मेली, आणि ते थोडंफार खरंही आहे, तुबलीच्या सगळ्याच विहिरी खारावल्यात. शेवटी तडजोड झाली. मातीचं बहुतेक सगळं कंपनीनं उचललं, विहिरीचंही, झाडांचं थोडं. उरलेलं मालकांच्या मुलीनं जागा विकून पैसे आल्यावर द्यायचं. घर वाचलं.

हाजींना ती स्वतः सांगायला गेली, मला बरोबर घेऊन. ते पलंगावर पडून होते. तिनं सगळं समजावलं, माती कशी नेणार, विहीर कशी उपसणार. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तू अजून पोहतेस का? ती रडायला लागली, तर ते आपल्या सुनेला म्हणाले, हिला चहा दे. झाडांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. तुम्ही असता तर तुम्हीही तेवढंच बघितलं असतंत असं मला वाटतं, की झाडं परत येत नाहीत. मी या कामाचं कौतुक करून घेतलं ऑफिसात, हार-केक झाला, पण भिंतीवरून बघितलं की अर्धी बाग बोडकी दिसते. विमा उशिरा येतो. तुम्ही सांगितलेला हौद पाणी मुरण्याआधी झाला असता तर बरं झालं असतं, हे तुम्हाला तेव्हाच कळत होतं, म्हणून तुम्ही दर भेटीत तेच तेच बोलायचात.

माझं इथलं आता थोडंच राहिलंय. यांची नोकरी संपली की व्हिसाही संपेल. नागपूरला फ्लॅट आहे, मुलगी म्हणते, ‘मॉम, जस्ट रिलॅक्स नाऊ.’ हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. तुमच्या मुलांचा पत्ता शोधला तर मिळेल, पण त्यांना हे वाचून काय कळणार.

एक सांगायचं राहिलं. बैठकीनंतर साहेबांना गाडीपर्यंत सोडायला मी गेले, तेव्हा दार धरून त्यांनी विचारलं, तो कसा गेला? मला खरं ठाऊक नव्हतं. तुम्ही आजारपणात गावी गेलात, पुढं चाचींचा एक फोन आला, ‘गेले गो बाय,’ एवढाच, आणि मग दोघीही रडत होतो, मी काही विचारलं नाही. नंतर विचारायचा धीर झाला नाही, आणि नंतर चाचीही राहिल्या नाहीत. पण तो म्हातारा माणूस माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, घरीच गेले, पडवीत खाटेवर, सकाळी, समोर समुद्र दिसत होता, सगळी माणसं जवळ होती, काही त्रास झाला नाही. त्यांनी डोळे मिटून अल्हमदुलिल्ला म्हटलं. तुमच्या घरातून समुद्र दिसतो की नाही, हेही मला माहीत नाही.